विद्यापीठाने काय द्यावे, काय राखावे

विद्यापीठे आणि उद्योग यांच्यातील सामंजस्य करारांना आपल्याकडे तोटा नाही. कुलगुरू आणि कंपनीचे अधिकारी फायलींची अदलाबदल करतात, छायाचित्र निघते, दुसऱ्या दिवशी बातमी येते. त्या फायलीत काय लिहिले आहे ते मात्र बातमीत नसते आणि अधिसभेच्या सदस्यांनाही सहसा ठाऊक नसते. प्रयोगशाळेतले संशोधन कारखान्यात आणि तिथून बाजारात कसे पोहोचते, वाटेत त्याचे काय होते, आणि सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या ज्ञानावर शेवटी कोणाचा हक्क उरतो, हा या पुस्तकाचा विषय आहे. तंत्रज्ञान हस्तांतरण या नावाने तो सरकारी धोरणांत वावरतो. तिथे त्याचे मोजमाप पेटंटची संख्या, करारांची संख्या आणि रॉयल्टीचे रुपये यांत होते. या प्रस्तावनेत मला एकच मुद्दा मांडायचा आहे. विद्यापीठाने आपले ज्ञान उद्योगाच्या हाती द्यायलाच हवे. पण हा व्यवहार साधला की फसला, हे पाहताना विद्यापीठाच्या पदरात किती पैसे पडले याला फारसे महत्त्व नाही. देताना त्याने स्वतःच्या हातात काय राखले, ते पाहावे लागते.

या विषयातला सर्वांत बोलका दाखला शंभर वर्षांपूर्वीचा, टोरांटोचा आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी तिथल्या जनरल हॉस्पिटलमध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मधुमेही मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काचे पहिले इंजेक्शन दिले गेले. टोरांटो विद्यापीठातल्या फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांचा तो अर्क अशुद्ध होता. साखर थोडी उतरली, पण सुई टोचली तिथे गळू झाले आणि उपचार थांबवावा लागला. पुढचे बारा दिवस जेम्स कॉलिप हा जीवरसायनशास्त्रज्ञ अर्कातले अल्कोहोलचे प्रमाण पायरीपायरीने वाढवत राहिला. एका मर्यादेपर्यंत नको असलेली प्रथिने तळाशी बसत आणि औषधी द्रव्य विरघळलेलेच राही. अल्कोहोल नव्वद टक्क्यांच्या वर नेले की तेही खाली बसे आणि वेगळे काढता येई. २३ जानेवारीला हा शुद्ध अर्क दिला गेला आणि मुलाची प्रकृती सुधारू लागली. गोष्ट सहसा इथेच संपवली जाते. खरी अडचण नंतर आली. विद्यापीठाच्याच कॉनॉट प्रयोगशाळेत हे औषध, म्हणजे इन्शुलिन, मोठ्या प्रमाणावर करायला घेतले, तर ते बनेना. लहान भांड्यात जमलेली कृती मोठ्या भांड्यात, तापमान आणि वेळ बदलताच, बिघडत होती. खुद्द कॉलिपलाही त्या वसंतात काही काळ स्वतःची कृती साधेना. इस्पितळात रुग्ण होते, शोध लागलेला होता, आणि द्यायला औषध नव्हते.

टोरांटोने तेव्हा इंडियानापोलिसच्या इली लिली कंपनीशी करार केला, तो १९२२ च्या मे महिन्याच्या अखेरीस. कंपनीकडे कत्तलखान्यांतून स्वादुपिंडे आणण्याची व्यवस्था होती, मोठी यंत्रसामग्री होती आणि कारखान्यात मुरलेले रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्यापैकी जॉर्ज वॉल्डेन याने द्रावणाची आम्लता नेमकी साधून इन्शुलिन खाली बसवण्याची युक्ती काढली आणि शुद्धता कितीतरी पटींनी वाढली. म्हणजे कंपनीने केवळ उत्पादन केले नाही, तर शोधातही भर घातली. म्हणूनच करारातल्या अटी पाहण्यासारख्या आहेत. अमेरिकेपुरता कंपनीला एक वर्ष एकाधिकार मिळाला. त्यानंतर इतर उत्पादकांनाही परवाना देण्याची मुभा विद्यापीठाने स्वतःकडे ठेवली. कंपनीने काढलेल्या सुधारणांवरही विद्यापीठाचा हक्क राहील असे ठरले. वॉल्डेनच्या कृतीचे पेटंट कंपनीच्या नावावर घेण्याची वेळ आली तेव्हा हीच अट कामी आली. संशोधकांनी आपले पेटंटचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले. विद्यापीठाच्या इन्शुलिन समितीने मालाची गुणवत्ता तपासण्याचा अधिकार राखला. डॅनिश शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांच्यामार्फत डेन्मार्कलाही परवाना गेला. कंपनीने या औषधावर चांगली कमाई केली, पण ते औषध एकट्या तिचे झाले नाही.

या घटनेतून दोन गोष्टी निघतात आणि पुढचा सगळा विषय त्यांच्याभोवती फिरतो. पहिली ही, की शोध आणि उपयोग यांच्यामध्ये एक लांब, खर्चिक, बिनबोभाट टप्पा असतो. चंचुपात्रात पाच ग्रॅम होणारा पदार्थ पाचशे लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये तसाच होत नाही. उष्णता बाहेर काढावी लागते, ढवळणे सगळीकडे सारखे पोहोचत नाही, कच्च्या मालातली किरकोळ अशुद्धी उत्प्रेरक निकामी करते. हे काम शोधनिबंधात बसत नाही आणि प्राध्यापकाच्या बढतीतही धरले जात नाही. ते ज्यांना येते ते बहुतेक कारखान्यात असतात, म्हणून विद्यापीठाला उद्योगाची गरज आहे. हे मान्य करण्यात कमीपणा नाही. दुसरी गोष्ट ही, की त्या गरजेच्या क्षणी विद्यापीठ सर्वांत दुबळे असते. औषध बनत नाही, पैसा संपत आला आहे, समोरचा पक्ष तयार आहे. अशा वेळी सगळेच देऊन टाकण्याचा मोह होतो. टोरांटोने तो आवरला.

१९८० मध्ये अमेरिकेत बे-डोल कायदा आला आणि सरकारी पैशातून निघालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांकडे ठेवण्याची वाट मोकळी झाली. त्याच सुमारास स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाला जनुकांची जोडणी करण्याच्या कोहेन-बॉयर तंत्राचे पेटंट मिळाले. ते १९९७ मध्ये संपेपर्यंत सुमारे २५.५ कोटी डॉलर मिळाले, आणि हा आकडा जगभरच्या कुलगुरूंच्या डोळ्यांत भरला. तो कसा जमला, हे मात्र फार कमी जणांनी पाहिले. परवाना कोणा एकाला दिलाच नव्हता; वर्षाला १०,००० डॉलर अशी सोसवणारी फी ठेवून मागेल त्याला दिला होता, आणि घेणाऱ्या कंपन्या चारशेच्या वर गेल्या. या कंपन्यांनी ते तंत्र पेटंट नसते तरीही वापरलेच असते, असा आक्षेप आहे आणि त्यात तथ्य आहे. तरीही एवढे दिसते, की या गाजलेल्या कमाईमागे मक्तेदारी नव्हती. त्या यशाच्या नादाने शेकडो विद्यापीठांनी हस्तांतरण कार्यालये उघडली. त्यांतल्या बहुतेकांचा स्वतःचा खर्चही परवान्यांतून निघत नाही. मोठी रक्कम मूठभर विद्यापीठांच्या मोजक्या शोधांतून येते. जिथे उत्पन्नाची अपेक्षाच पोकळ आहे, तिथे त्या अपेक्षेपोटी सोडलेल्या अटी दुहेरी तोट्याच्या ठरतात.

अटी सोडल्या की काय होते, ते येल विद्यापीठाला २००१ मध्ये कळले. स्टॅव्हुडीन हा रेणू १९६० च्या दशकातच बनला होता. एड्सच्या विषाणूवर तो चालतो हे येलमध्ये विल्यम प्रुसॉफ आणि ताय-शुन लिन यांनी दाखवले, तेही बरेचसे सरकारी अनुदानातून. येलने त्याचा एकाधिकार ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीला दिला आणि रॉयल्टीही भरपूर आली. पुढे दक्षिण आफ्रिकेत स्वस्त औषध आणण्यासाठी डॉक्टरांच्या संघटनेने येलकडे परवानगी मागितली, तेव्हा विद्यापीठाचे उत्तर होते की हक्क कंपनीला दिलेले आहेत, आम्ही काही करू शकत नाही. विद्यार्थी उठले, प्रुसॉफ यांनी त्यांची जाहीर बाजू घेतली, आणि त्या मार्चमध्ये कंपनीने आफ्रिकेत आडकाठी न करण्याचे जाहीर केले. हा सगळा दबाव उभा राहू शकला, कारण त्याच फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाने स्टॅव्हुडीनसह तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ केला होता. पाश्चात्त्य बाजारात त्याला १०,००० डॉलरहून जास्त पडत. शोध विद्यापीठाचा, पैसा जनतेचा, आणि तरी रुग्णांच्या बाजूने बोलायचा अधिकार विद्यापीठाकडे उरला नव्हता. करारात एक कलम राखले असते तर रस्त्यावर यावे लागले नसते.

मुंबईत बसून ते औषध बनवणे सिप्लाला कसे जमले, या प्रश्नाचे एक उत्तर सर्वांना माहीत आहे: १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट नाकारले होते, फक्त कृतीवर दिले होते. दुसरे उत्तर मुंबईत माटुंग्याला आणि पुण्यात पाषाणला सापडते. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, पिढ्यान्‌पिढ्यांची यूडीसीटी, १ ऑक्टोबर १९३३ ला सुरू झाला, तो गिरण्यांच्या शहरात कापड-रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी शिकवण्यासाठी. त्याचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन रंगद्रव्यांचे जाणकार होते. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे एनसीएलचे, पहिले भारतीय संचालकही तेच झाले. ए. व्ही. रामाराव यूडीसीटीत शिकले, एनसीएलमध्ये डॉक्टरेट झाले, आणि हैदराबादच्या प्रयोगशाळेतून त्यांनी झिडोव्हुडीन या एड्सवरील औषधाची जी कृती दिली ती सिप्लाने १९९३ मध्ये बाजारात आणली. औषध उद्योजक अंजी रेड्डीही याच वाटेने, माटुंग्याहून पाषाणला आणि तिथून स्वतःच्या कंपनीकडे गेले. मनमोहन शर्मा यांच्या पिढीतल्या प्राध्यापकांनी कन्सल्टन्सी हा शिकवण्याचाच भाग मानला: कारखान्यातली अडचण वर्गात यायची आणि वर्गातला मुलगा कारखान्यात जायचा. या देवघेवीतले बरेचसे पेटंटच्या आकड्यांत कुठेच दिसत नाही. एनसीएलने १९८० च्या दशकात झायलीनच्या रूपांतरासाठी एन्सिलाइट हा उत्प्रेरक काढला. तो बनवायला एसीसी ही सिमेंट कंपनी आणि संयंत्रात चालवायला बडोद्याची आयपीसीएल ही पेट्रोरसायन कंपनी सोबत होती. तिघांपैकी एकही गळाला असता तर शोध फळीवरच राहिला असता. हातात राखायच्या गोष्टींत म्हणूनच पहिली येतात ती माणसे: कारखान्याची भाषा समजणारा, पण पगार आणि निष्ठा विद्यापीठाची असलेला प्राध्यापक. तो नसेल तर करारातल्या अटी वाचणाराच कोणी उरत नाही.

माणसे आणि अटी या दोन्ही गोष्टी आपल्याकडे एकत्र आल्याचे उदाहरण रोटाव्हॅक लसीचे आहे. बाळांना मारक अतिसार करणाऱ्या रोटाव्हायरसचा एक सौम्य प्रकार १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नवजात अर्भकांत आढळला. त्यापासून लस बनायला जवळजवळ तीन दशके लागली. जैवतंत्रज्ञान विभाग, अमेरिकेतल्या संस्था, पाथ ही संघटना आणि हैदराबादची भारत बायोटेक एवढे भागीदार त्यात होते. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळचे वढू अशा तीन ठिकाणची ६,७९९ बाळे होती. निकाल २०१३ मध्ये जाहीर झाले: गंभीर आजारापासून पहिल्या वर्षात सुमारे ५६ टक्के संरक्षण. आकडा डोळे दिपवणारा नाही. पण जिथे ही बाळे मोठ्या संख्येने दगावत होती, तिथे त्याचे मोल फार. सरकारी खरेदीसाठी एका डोसाला सुमारे एक डॉलर ही किंमत कंपनीने निकालांच्या आधीच कबूल केली होती. लस यशस्वी ठरल्यानंतर किमतीची घासाघीस सुरू झाली असती तर जनतेच्या बाजूचे वजन कमी पडले असते. जोखीम वाटून घेतली जात होती तेव्हाच किंमत ठरली, हे त्या भागीदारीचे शहाणपण.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप विद्यापीठातूनच येतो: कंपनीचा पैसा आला की प्रश्न कंपनीचे होतात, निष्कर्ष गुप्त राहतात, मूलभूत विज्ञान मागे पडते. ही भीती काल्पनिक नाही, आणि तिचा पुरावाही टोरांटोतच आहे. १९९० च्या दशकात तिथल्या बालरुग्णालयातील नॅन्सी ऑलिव्हिएरी थॅलेसेमियाच्या एका औषधाची चाचणी करत होत्या. खर्चात अपोटेक्स कंपनीचा वाटा होता. काही रुग्णांत औषध निष्प्रभ ठरत असल्याचे त्यांना दिसले आणि ते रुग्णांना सांगायचे त्यांनी ठरवले. करारात मात्र कंपनीच्या संमतीशिवाय माहिती उघड न करण्याचे कलम होते. कंपनीने १९९६ मध्ये चाचणी बंद केली आणि कायदेशीर कारवाईची ताकीद दिली. त्याच काळात विद्यापीठ त्या कंपनीशी मोठ्या देणगीची बोलणी करत होते. औषधाबद्दलचे त्यांचे मत बरोबर होते की नाही, यावर पुढे वाद झाले आणि ते औषध नंतर मान्यही झाले. आपल्यापुरता मुद्दा असा, की १९२२ मध्ये ज्या शहरातल्या विद्यापीठाने अटी राखल्या, तिथेच सत्तर वर्षांनी बोलण्याचा हक्क कागदावर गेला. उद्योगाशी नाते तोडणे हे यावरचे उत्तर नाही. तसे केले असते तर इन्शुलिनही मिळाले नसते. प्रकाशनाचा हक्क, फार तर पेटंटच्या अर्जापुरता काही महिन्यांचा थांबा, आणि रुग्णाला धोका सांगण्याची पूर्ण मुभा एवढ्या गोष्टी सौद्याबाहेर ठेवायच्या, हे उत्तर आहे. पीएचडीचा विद्यार्थी आपला प्रबंध कंपनीच्या परवानगीवाचून सादर करू शकत नसेल, तर तो करार विद्यापीठाने करू नये.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे: जनतेच्या पैशातून झालेले संशोधन सर्वांना फुकट द्यावे, पेटंट घ्यावेच कशाला? हा विचार मनाला भावतो, आणि बऱ्याच ज्ञानाला तो लागूही आहे. विद्यापीठे पेटंटच्या मागे लागली की कुठवर जातात, ते आपण हळदीच्या प्रकरणात पाहिले. जखमेवर हळद लावण्याचे १९९५ चे ते अमेरिकी पेटंट कोणा कंपनीकडे नव्हते, मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राकडे होते. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे महासंचालक असताना त्या संस्थेने पुरावे देऊन १९९७ मध्ये ते रद्द करवले. पेटंटची संख्या हाच पराक्रम मानला की असे कागद तयार होतात. पण उलट बाजूही आहे. टोरांटोने पेटंट घेतले ते दुसऱ्या कोणी इन्शुलिन अडवू नये म्हणून, आणि भेसळीचा माल बाजारात आला तर रोखता यावा म्हणून. हातात काहीच नसलेल्याला अट घालता येत नाही. पेटंट हा लगाम आहे. तो कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी ओढला जातो, यावर त्याचे भलेबुरे ठरते. लगाम कायमचा पुरतो असेही नाही. अमेरिकेत इन्शुलिन पुढे किती महाग झाले ते सर्वांना माहीत आहे. नव्या पिढीच्या इन्शुलिनवर त्या जुन्या अटी चालत नव्हत्या. म्हणून अटी प्रत्येक वेळी नव्याने घालाव्या लागतात. सरकारने हस्तक्षेप करण्याचा अधिकार बे-डोल कायद्यात आहे, पण पुढच्या चाळीस वर्षांत तो एकदाही वापरला गेला नाही. कायद्यातल्या अधिकारापेक्षा करारातले कलम भरवशाचे, हा त्याचा धडा.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि आपल्याकडे तो सर्वांत जास्त ऐकू येतो: भारतीय उद्योग आधीच संशोधनावर हात आखडून खर्च करतो, त्यात अटी घातल्या तर तो फिरकणारच नाही. देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.६४ टक्के आहे आणि त्यात खासगी क्षेत्राचा वाटा निम्म्याहून कमी, हे खरे. पण कंपनी दूर राहते ती बहुतेक वेळा अटींमुळे नाही, अनिश्चिततेमुळे. प्रयोगशाळेतला आकडा पायलट प्लँटमध्ये टिकेल का, हे तिला कळत नाही. विद्यापीठात फाइल कोणाकडे अडली आहे, तेही कळत नाही. मधल्या टप्प्याचा खर्च सार्वजनिक पैशातून उचलला आणि निर्णय वेळेत दिला, तर मर्यादित मुदतीचा एकाधिकार तिला पुरतो. लिलीला एक वर्ष पुरले. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून निघालेल्या नेक्सकार१९ या कर्करोगावरील पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशात कोट्यवधी रुपये लागणारा हा उपचार इथे काही लाखांत आला, तो संस्थेच्याच आवारात रुजलेल्या कंपनीकडून. तीस-चाळीस लाखांचा उपचारही सामान्य घराच्या आवाक्याबाहेरच आहे, त्यामुळे पुढच्या अटींचा प्रश्न तिथेही संपलेला नाही. पण सार्वजनिक संस्था आणि उद्योग इथे जमू शकत नाहीत, हे म्हणणे आता टिकत नाही.

हा विचार आज करायचे कारण ताजे आहे. सार्वजनिक निधीतील बौद्धिक संपदेवरचे विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत आले होते; बे-डोलच्या धर्तीवरचे ते विधेयक वादात सापडले आणि पुढे मागे घेतले गेले. त्यानंतर व्यापक नियम झालाच नाही. प्रत्येक संस्था आपापल्या धोरणाने चालते. दरम्यान २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभे राहिले. त्याच्या पाच वर्षांच्या ५०,००० कोटी रुपयांपैकी सुमारे ३६,००० कोटी उद्योग आणि देणगीदार यांच्याकडून यावेत, अशी अपेक्षा मांडली गेली. एवढा पैसा बाहेरून यायचा असेल, तर त्याच्यासोबत येणाऱ्या अटींना उत्तर द्यायला विद्यापीठांकडे स्वतःच्या अटी हव्यात. महाराष्ट्रातल्या राज्य विद्यापीठांना तर २०१६ च्या कायद्याने अधिसभा आणि व्यवस्थापन परिषद दिलेली आहे. तिथे प्रत्येक करारावर तीन प्रश्न विचारता येतील: संशोधकाचा आणि विद्यार्थ्याचा प्रकाशनाचा हक्क शाबूत आहे का; कंपनीने ठरल्या मुदतीत उत्पादन केले नाही, किंवा सार्वजनिक गरज उभी राहिली, तर दुसऱ्याला परवाना देता येतो का; आणि ज्यांच्या पैशातून संशोधन झाले त्यांच्यासाठी किंमत आणि पुरवठा यांबद्दल काही लिहिले आहे का? व्यापारी गुपिताची सबब पुढे येईल. माहिती अधिकार कायद्यात त्या सबबीला जागा आहे, पण व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी असेही तिथेच म्हटले आहे. कृती गुप्त राहू द्या, अटी नकोत. या पुस्तकातले लेख वाचताना वाचकाने हे तीन प्रश्न हाताशी ठेवावेत, आणि आपल्या जिल्ह्यातल्या विद्यापीठाचा पुढचा करार जाहीर होईल तेव्हा ते लेखी विचारावेत.